एलिव्हेटर्सचा पहिला अल्बम असा गढूळ का ऐकू येतो?

आपल्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. टेक्ससमधील ‘द थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स’ या बँडचा १९६६ सालचा पहिला अल्बम, ‘द सायकेडेलिक साउंड्स ऑफ द थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स’, आपण चांगल्या हेडफोनवर ऐकला. त्याची थोरवी आपण पुष्कळ ठिकाणी वाचली होती. प्रत्यक्षात मात्र सगळे लांबच्या खोलीतून आल्यासारखे वाटले, बेस जेमतेम ऐकू आला, आणि बहुतेक गाण्यांत मागे पारवे घुमत असल्यासारखा एक आवाज अखंड चालू होता. हा दोष हेडफोनचा, स्ट्रीमिंगवरच्या प्रतीचा, की मूळ रेकॉर्डिंगचा, असे आपण विचारता. शिवाय आपल्या बँडचा पहिला अल्बम येत्या काही महिन्यांत रेकॉर्ड व्हायचा असल्याने, तो ‘गॅरेज’ बाज, म्हणजे घरच्या गॅरेजात वाजवल्यासारखा ओबडधोबडपणा, आणण्यासाठी रेकॉर्डिंग मुद्दाम खराब करावे का, असाही प्रश्न आपण जोडला आहे.

मी पुण्यात बँडांचे रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग (वेगवेगळ्या वाद्यांच्या आवाजांचा तोल जुळवून एक गाणे बनवणे) करतो, तेव्हा हे उत्तर समीक्षकाचे नसून माइक लावणाऱ्याचे आहे, हे लक्षात घेऊन वाचावे. माझ्या मते आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकात एक मिसळल्या आहेत. या अल्बममधला काही गढूळपणा वादकांनी स्वतःच्या हातांनी तयार केलेला आहे, आणि तो काढून टाकला तर अल्बममध्ये फारसे काही उरणार नाही. उरलेला गढूळपणा मिक्सिंग, रेकॉर्डची छपाई आणि नंतरची पुनर्मुद्रणे यांच्या ओघात त्यावर चढलेला आहे, आणि त्याचा वादकांच्या इच्छेशी काही संबंध नाही. यांतला कोणता कोणता, हे ओळखता आले तर अल्बमबद्दलचे मतही नीट बनेल आणि आपल्या रेकॉर्डिंगसाठी त्यातून नेमके काय घ्यायचे तेही ठरवता येईल.

हेडफोनला दोष देण्याचे कारण नाही. उलट तो फार प्रामाणिक आहे, हीच अडचण आहे. १९६६ साली या संगीताचा ग्राहक ते मोटारीतल्या एएम रेडिओवर, ज्यूकबॉक्सवर किंवा एकच स्पीकर असलेल्या छोट्या रेकॉर्ड प्लेअरवर ऐकत असे. ही सर्व साधने मधले स्वर पुढे आणतात आणि खालचे जवळजवळ गिळून टाकतात. एलिव्हेटर्सच्या या अल्बममध्ये जे काही महत्त्वाचे घडते ते मधल्या पट्ट्यातच घडते. आजचा चांगला हेडफोन खालून वरपर्यंतचा सगळा पट्टा उघडा करून दाखवतो, आणि मग जिथे काही ठेवलेलेच नाही तिथली रिकामी जागाही दिसू लागते. एकदा हा अल्बम एखाद्या लहान स्पीकरवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून, जरा मोठ्या आवाजात ऐकून पाहावा. बेस त्याने वाढणार नाही, पण त्याची उणीव बरीच कमी जाणवेल.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे, कारण तिच्याशिवाय पहिल्या गाण्याचा आवाज बाकीच्यांहून वेगळा का, हे कळणार नाही. हा बँड १९६५ च्या अखेरीस ऑस्टिनमध्ये उभा राहिला. गायक रॉकी एरिक्सन तेव्हा अठरा वर्षांचा होता आणि ‘द स्पेड्स’ या स्थानिक बँडमध्ये गात होता. गिटारवादक स्टेसी सदरलँड, ड्रमर जॉन आइक वॉल्टन आणि बेसिस्ट बेनी थर्मन हे तिघे ‘द लिंग्समेन’ या दुसऱ्या बँडमधून आले. या सर्वांना एकत्र आणणारा टॉमी हॉल हा टेक्सस विद्यापीठात शिकणारा, वाचनवेडा आणि रूढ अर्थाने वादक नसलेला तरुण होता. अल्बममधले पहिले, ‘यू आर गॉना मिस मी’ हे एरिक्सनचे गाणे त्याने आधी स्पेड्सबरोबर रेकॉर्ड केले होते; नव्या बँडने ते जानेवारी १९६६ मध्ये ह्यूस्टनला गॉर्डन बायनम यांच्या देखरेखीखाली पुन्हा रेकॉर्ड केले, आणि त्याच वर्षी ते ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ५५ व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. अल्बममधली बाकीची बहुतेक गाणी मात्र त्या वर्षाच्या उत्तरार्धात डॅलसच्या समेट स्टुडिओत झाली. तोपर्यंत बेसवर थर्मनच्या जागी रॉनी लेदरमन आला होता, इंजिनिअर बॉब सुलिव्हन होते, निर्माते लेलन रॉजर्स (गायक केनी रॉजर्स यांचे बंधू) होते आणि कंपनी ह्यूस्टनची ‘इंटरनॅशनल आर्टिस्ट्स’ होती. थोडक्यात, पहिले गाणे वेगळ्या शहरात, वेगळ्या बेसिस्टसह आणि वेगळ्या निर्मात्याच्या हाताखाली झालेले आहे. त्या गाण्याची ठसठशीत धडक ऐकून कोणी उरलेल्या अल्बमकडून तेच मागू लागला, तर त्याची निराशा होणे साहजिक आहे.

आता पारव्यांकडे वळतो, कारण आपली मुख्य तक्रार तिथे आहे आणि माझ्या मते अल्बमची किल्लीही तिथेच आहे. तो आवाज टॉमी हॉलच्या ‘जग’चा, म्हणजे वाद्य म्हणून वापरलेल्या बरणीचा, आहे. अमेरिकेतल्या जुन्या जग बँडांमध्ये मातीच्या किंवा काचेच्या बरणीच्या तोंडावर ओठ थरथरवत फुंकर मारली जाते आणि त्यातून बेससारखा खर्जातला स्वर निघतो. हॉलने बरणी तीच घेतली, पण तिचे काम बदलले. बरणीच्या तोंडाशी माइक धरून तो आत भराभर तोंडाने स्वर काढीत असे. बरणीची पोकळी त्या आवाजाला घुमवी आणि माइक ती घुमवणूक ॲम्पकडे (आवाज मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरकडे) पाठवी. त्यामुळे खर्जाऐवजी एक धावता, बुडबुड्यांसारखा मधल्या पट्ट्यातला आवाज तयार झाला. तो सुरावट वाजवत नाही आणि ठेकाही धरत नाही, गाण्याच्या वेगाच्या थोडा पुढे राहून अखंड पळत असतो. गिटार आणि गायकाचा गळा ज्या पट्ट्यात वावरतात नेमक्या त्याच पट्ट्यात हा आवाज येऊन बसल्यामुळे त्या दोघांच्या कडा बोथट होतात. आपल्याला जे ‘लांबच्या खोलीतून’ वाटले त्यातला मोठा वाटा या एका निर्णयाचा आहे.

माझ्याकडे कोणताही बँड असे वाद्य घेऊन आला, तर सवयीने माझा हात आधी ते कापून खाली आणण्याकडे जाईल, कारण गायकाचा आवाज मोकळा ठेवणे हे मिक्सिंग करणाऱ्याच्या हातात भिनलेले असते. एलिव्हेटर्सच्या बाबतीत तसे केले तर काय होते, हे याच अल्बममध्ये ऐकता येते. ‘स्प्लॅश १’ हे रॉकी आणि टॉमीची पत्नी क्लेमेंटाइन हॉल यांनी मिळून रचलेले संथ गाणे आहे. त्यात जग जाणवत नाही, गळा एकदम जवळ येतो, आणि गाणे गोड असले तरी ते त्या काळातल्या अनेक चांगल्या बँडांपैकी कोणाचेही असू शकले असते. त्याच्या लगेच आधी येणारे ‘रोलर कोस्टर’ घ्या. पाच मिनिटांहून अधिक चालणाऱ्या या गाण्यात गिटारची एक काळोखी सुरावट फिरत राहते, मध्येच वेग वाढतो, पुन्हा मूळ जागी येतो, आणि या सगळ्याखाली जगचा तो अस्वस्थ आवाज एकदाही विसावत नाही. ऐकणाऱ्याला पाय टेकायला जागाच न देणे, हा त्या आवाजाचा हेतू आहे. तो आवडणे किंवा न आवडणे हा आपला अधिकार आहे, पण त्याला रेकॉर्डिंगचा दोष म्हणता येणार नाही.

दुसरी मुद्दाम केलेली गोष्ट म्हणजे सदरलँडच्या गिटारचा रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या पोकळ जागेत घुमल्यासारखा आवाजाचा घुमारा. यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या अल्बमसाठी सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट हीच असावी. त्या काळातल्या गिटार ॲम्पांमध्ये येणारा रिव्हर्ब स्प्रिंगचा असे: एका लांबट डब्यात ताणलेल्या स्प्रिंगांच्या एका टोकाला गिटारचा सिग्नल कंपनाच्या रूपात दिला जातो, ते कंपन स्प्रिंगमधून पुढे-मागे आदळत राहते आणि दुसऱ्या टोकाकडून पुन्हा विजेच्या सिग्नलमध्ये बदलून मूळ आवाजात मिसळते. फेंडरने असा स्वतंत्र डबा १९६१ मध्ये बाजारात आणला आणि दोन वर्षांत तो ॲम्पच्या आतच बसवायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियाच्या सर्फ बँडांनी तो झगमगाटासाठी वापरला. सदरलँड मात्र ब्लूजच्या वळणाचा वादक. तो कमी स्वर घेतो, प्रत्येक स्वराला खोल पोकळीत सोडतो आणि त्याचा प्रतिसाद परत आल्यावरच पुढचा स्वर घेतो. ‘किंग्डम ऑफ हेवन’ ऐकताना केवळ गिटारकडे लक्ष ठेवा, म्हणजे त्याचा हात रिव्हर्बच्या लांबीनुसार थांबतो आणि निघतो हे स्पष्ट जाणवेल.

हा फरक फार महत्त्वाचा आहे. आज बहुतेक बँड गिटार कोरडी रेकॉर्ड करतात आणि रिव्हर्ब मिक्सिंगच्या वेळी संगणकात टाकतात. सोय मोठी आहे, पण त्यात वादकाला आपण कुठल्या जागेत वाजवतो आहोत हे वाजवताना ठाऊकच नसते. तो कोरड्या आवाजाला साजेसे वाजवतो, म्हणजे जास्त स्वर घेतो, मोकळ्या जागा भरतो. आणि मग त्यावर लांब रिव्हर्ब टाकला की सगळे एकमेकांत कालवले जाते. त्याच वादकाला ॲम्पवर तोच रिव्हर्ब लावून दिला की पहिल्या काही मिनिटांतच तो कमी वाजवू लागतो, हे मी वारंवार पाहिले आहे. एलिव्हेटर्सच्या अल्बममधला रिव्हर्ब गिटारवादकाच्या हातातून आलेला असल्यामुळे तो कितीही दाट असला तरी वाजवणे उघडे राहते.

तिसरी गोष्ट एकत्र वाजवण्याची. १९६६ साली अशा प्रादेशिक स्टुडिओंत तीन किंवा चार ट्रॅकची टेप, म्हणजे फक्त तीन-चार आवाज वेगवेगळे नोंदवू शकणारी टेप, हे सर्वसाधारण साधन होते. पाच माणसांचा बँड तीन-चार ट्रॅकमध्ये बसवायचा म्हणजे ड्रम, बेस आणि गिटार यांचा परस्पर तोल वाजवतानाच ठरवून एकत्र टेपवर घ्यावा लागतो, आणि मग बेस कमी वाटला म्हणून नंतर फक्त बेस वाढवता येत नाही. शिवाय सगळे एकाच खोलीत वाजवत असल्याने ड्रमचा आवाज गिटारच्या माइकमध्ये आणि गिटारचा आवाज ड्रमच्या माइकमध्ये शिरतो. या शिरकावाला आम्ही ब्लीड म्हणतो. ब्लीडमुळे ड्रमच्या कडा मऊ होतात, झांजा पसरतात आणि प्रत्येक वाद्याला थोडी खोलीची हवा लागते. हा गढूळपणा अर्धा मुद्दाम आणि अर्धा परिस्थितीचा आहे: साधने मर्यादित होती हे खरे, पण ऑस्टिनच्या क्लबांत आणि त्याच उन्हाळ्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲव्हलॉन बॉलरूमसारख्या सभागृहांत वाजवून हा बँड इतका घट्ट झाला होता की त्यांना एकेकटे बसवून रेकॉर्ड केले असते तर नुकसानच झाले असते. वॉल्टनचे ड्रम त्याचे उदाहरण आहेत. तो ठेका केवळ धरून ठेवत नाही, जगच्या धावण्याला ढकलत आणि रोखत राहतो, आणि हे एकमेकांकडे पाहत वाजवल्याशिवाय जमत नाही.

इथपर्यंतचे एका वाक्यात सांगायचे तर जग, ॲम्पवरचा रिव्हर्ब आणि एका खोलीत एकत्र वाजवणे या तिन्ही गोष्टी बँडच्या आहेत. आता जे सांगतो ते बँडचे नाही.

या अल्बमची मोनो (सगळे आवाज एकत्र, एकाच जागेतून येणारे) आणि स्टेरिओ (डाव्या-उजव्या बाजूंना वाटलेले) अशी दोन वेगळी मिक्स आहेत, आणि आपण कोणते ऐकले यावर आपले मत बरेच अवलंबून असू शकते. त्या काळी तरुणांच्या संगीतासाठी मोनो हेच मुख्य मिक्स असे. स्टेरिओ बहुधा नंतर आणि घाईने उरकले जाई. तीन-चार ट्रॅकवर आधीच एकत्र बांधलेले आवाज डाव्या-उजव्या बाजूंना वाटायचे तर संपूर्ण गट उचलून एका बाजूला ठेवण्याशिवाय फारसा मार्ग नसतो. हेडफोनवर हे विशेष खटकते, कारण मधली जागा रिकामी पडते आणि जे वाद्य इतरांना चिकटवून ठेवण्यासाठी होते तेच वेगळे काढून कानाशी ठेवल्यासारखे होते. जगच्या बाबतीत तर हे घातकच ठरते: मोनोमध्ये तो गिटार आणि गळ्याच्या मधोमध विरघळतो, आणि वेगळा पडला की केवळ पारवे उरतात. माझ्या कानाला या अल्बमचे मोनो मिक्सच खरे वाटते, आणि हे संगीत जवळून ऐकणाऱ्या पुष्कळांचे मतही असेच आहे.

आपल्याकडची प्रत कोणती हे ओळखण्याचा सोपा उपाय सांगतो. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ असा पर्याय असतो. गाणे चालू असताना तो चालू-बंद करून पाहावा. काहीच फरक पडला नाही तर फाइल मोनो आहे, आणि आवाजाची जागा बदलली तर स्टेरिओ. मात्र स्टेरिओ फाइल या बटणाने मोनो केली म्हणजे मूळ मोनो मिक्स हाती आले, असे समजू नये. मोनो मिक्स करताना वाद्यांचे तोल स्वतंत्रपणे ठरवलेले असतात. दोन बाजूंची बेरीज करून ते परत मिळत नाहीत, आणि मधोमध असलेले आवाज बेरजेत गरजेपेक्षा पुढे येतात. २००९ साली बँडच्या रेकॉर्डिंगचा दहा सीडींचा एक संच निघाला, त्यात या अल्बमचे मोनो रूप आहे. स्ट्रीमिंगवरही शीर्षकात ‘मोनो’ लिहिलेली प्रत शोधावी. गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत या अल्बमची वेगवेगळ्या दर्जाची इतकी पुनर्मुद्रणे झाली आहेत की केवळ ‘मूळ आवाज’ अशी जाहिरात पाहून महाग रेकॉर्ड विकत घेण्याचा सल्ला मी देणार नाही. आधी ऐकावे, मग घ्यावे.

आणि एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे: योग्य मिक्स, योग्य स्पीकर हे सगळे जमले तरी हा अल्बम सर्वत्र सारखाच उत्तम आहे असे मला वाटत नाही. ‘रोलर कोस्टर’, ‘रिव्हर्बरेशन’, ‘फायर इंजिन’ आणि पहिले गाणे यांच्यावर अल्बम उभा आहे. पॉवेल सेंट जॉन या त्यांच्या ऑस्टिनमधल्या मित्राने दिलेल्या तीन गाण्यांपैकी ‘किंग्डम ऑफ हेवन’ अप्रतिम आहे. ‘मंकी आयलंड’ मात्र रॉकीच्या गळ्यामुळेच निभावते. तो गळा हा सगळ्यांत मोठा योगायोग आहे. लिटल रिचर्ड आणि जेम्स ब्राउन यांच्या किंकाळ्यांचे वळण घेतलेला, पण त्यांच्यासारखा ताब्यात न ठेवलेला असा तो आवाज आहे, आणि जग कितीही आड आला तरी तो आरपार येतो. मिक्सिंग करणारा म्हणून मी असे म्हणेन की एवढी गर्दी या अल्बमला पेलली, कारण तिच्यावर चढून बोलणारा गायक त्यांच्याकडे होता. आपला गायक तसा नसेल तर ही गर्दी आपल्याला परवडणार नाही, हे आधीच ध्यानात घ्यावे.

शब्द आणि मुखपृष्ठाबद्दल थोडक्यात सांगतो. जॉन क्लीव्हलंड यांनी काढलेले, पिरॅमिडमधल्या डोळ्याचे लाल-हिरवे मुखपृष्ठ आणि मागच्या बाजूचा टॉमी हॉलचा मजकूर पाहिला तर हा अल्बम एका विचाराची मांडणी म्हणून तयार झाला होता हे दिसते. ॲरिस्टॉटलच्या पद्धतीने वस्तूंना वेगवेगळ्या कप्प्यांत टाकणारी माणसाची सवय मोडावी आणि त्यासाठी एलएसडीसारखी रसायने वापरावीत, असा त्याचा आग्रह होता. तो आग्रह त्याने बँडवरही लादला. त्याचा परिणाम पुढे फार कटू झाला: १९६९ मध्ये गांजाच्या एका सिगारेटवरून रॉकीला अटक झाली, तुरुंग टाळण्यासाठी वेडाचा बचाव केला गेला, आणि १९७२ पर्यंत त्याला रस्क येथील सरकारी मनोरुग्णालयात दिवस काढावे लागले. या अल्बमच्या आवाजाचे श्रेय त्या रसायनांना देणारे लेख आपण वाचले असतील. माझ्या मते वर सांगितलेल्या तीन गोष्टींनी तो आवाज पुरेसा समजतो, आणि त्या तिन्ही शुद्धीवर राहून करता येतात.

आता आपल्या अल्बमकडे वळतो. रेकॉर्डिंग मुद्दाम खराब करावे का, या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. बॉब सुलिव्हन खराब रेकॉर्डिंग करायला बसले नव्हते. हाती असलेल्या साधनांनी समोरचा बँड जितका नीट पकडता येईल तितका पकडण्याचा तो प्रयत्न होता. स्वस्त माइकने घेतलेले किंवा टेपचा भास देणारे सॉफ्टवेअर सढळ हाताने लावलेले रेकॉर्डिंग जुने वाटते, दाट वाटत नाही. दाटपणा हा वाद्यांच्या मांडणीतून येतो, त्यामुळे तो स्टुडिओत पोहोचण्याआधी, सरावाच्या खोलीतच ठरला पाहिजे.

माझी पद्धत अशी आहे. रेकॉर्डिंगच्या काही आठवडे आधी मी बँडचा सराव एकाच माइकने, खोलीच्या मध्यभागी तो ठेवून, रेकॉर्ड करायला सांगतो. फोनसुद्धा चालतो. त्या एका माइकवर गाणे कळत असेल तर स्टुडिओत ते बिघडवणे कठीण असते. आणि कळत नसेल तर कोण कोणाच्या पट्ट्यात घुसतो आहे ते लगेच दिसते. बहुतेक वेळा दोन गिटार आणि कीबोर्ड हे तिघे एकाच मधल्या पट्ट्यात भांडत असतात. अशा वेळी एलिव्हेटर्सकडून घेण्यासारखा धडा असा, की अखंड चालणारे वाद्य एकच असावे. त्यांच्याकडे ते जग होते, म्हणून सदरलँड थांबत थांबत वाजवू शकला. आपल्याकडे कीबोर्डचा एक लांब धरलेला स्वर असेल, फझ लावलेली गिटार असेल, किंवा बरणी नसली तरी तोंडाने काढलेला एखादा आवाजही असेल. मात्र ते एक ठरले की बाकीच्यांनी जागा सोडायला शिकले पाहिजे.

रेकॉर्डिंगच्या दिवशी ड्रम, बेस आणि मुख्य गिटार एकत्र, एकमेकांना दिसतील अशा जागी उभे राहून वाजवाव्यात, आणि गायकाने सोबत गावे, मग तो गळा पुढे नव्याने घेतला तरी हरकत नाही. गिटारवादकाला जो रिव्हर्ब किंवा डिले वापरायचा आहे तो ॲम्पवर किंवा पेडलवर लावूनच टेक घ्यावा. भीती वाटत असेल तर इंजिनिअरला कोरडा सिग्नल शेजारच्या ट्रॅकवर राखून ठेवायला सांगावे, फक्त वादकाच्या कानात मात्र रिव्हर्बसहित आवाजच जाऊ द्यावा. ड्रमला शक्यतो थोडे माइक लावावेत, कारण प्रत्येक तुकड्याला जवळून माइक लावला की ड्रमला खोलीची हवा लागत नाही, आणि मग ती हवा नंतर खोटी भरावी लागते. बेसच्या बाबतीत मात्र एलिव्हेटर्सचे अनुकरण करू नये. त्यांच्याकडे जागा नव्हती; आपल्याकडे ट्रॅकची वाण नाही, तर बेस स्वतंत्र आणि स्वच्छ ठेवावा. मिक्स मात्र आधी मोनोमध्येच, एका लहान स्पीकरवर बांधावे, आणि तिथे सर्व काही जागच्या जागी आल्यानंतरच वाद्ये डावी-उजवीकडे पसरवावीत.

यातले काही पूर्णपणे आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहे. खोली फार लहान आणि फरशीची असेल तर एकत्र वाजवताना येणारा ब्लीड मऊ न राहता कर्कश होतो, आणि मग गिटारचे ॲम्प शेजारच्या खोलीत ठेवून दार किलकिले उघडे ठेवणे बरे पडते. गाणी अजून रंगमंचावर वाजवली गेली नसतील तर एकत्र रेकॉर्डिंगचा आग्रह धरू नये. पूर्ण टेक मिळवण्याच्या धडपडीत सगळे थकतात आणि शेवटी सुरक्षित तेवढेच वाजवतात. ड्रमरचा हात किती स्थिर आहे, यावर क्लिक (वाजवताना कानात ऐकू येणारा ठरावीक वेगाचा ठोका) लावायचा की नाही ते ठरेल. या प्रकारच्या संगीतात तो शक्यतो नसावा, कारण ‘रोलर कोस्टर’सारखी वेगाची चढउतार क्लिकवर करता येत असली तरी ती तशी जाणवत नाही.

आपल्या रेकॉर्डिंगच्या खोलीची लांबी-रुंदी, भिंती आणि जमीन कशाच्या आहेत, आणि बँडमध्ये मधल्या पट्ट्यात वाजणारी नेमकी वाद्ये किती आहेत, हे कळवल्यास ड्रमच्या माइकांची आणि ॲम्पांची मांडणी कशी करावी ते अधिक नेमकेपणाने सांगता येईल.